उन्हाळी उमेदवारी : दारूच्या प्रश्नाची मोजदाद

(कुर्डुवाडी येथे महाविद्यालयीन विद्यार्थी व प्राध्यापक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा 'व्यसनमुक्ती' हा शब्द मी मुद्दाम टाळला. त्या शब्दाविषयी माझ्या मनात अनादर नाही. परंतु त्या नावाची व्याख्याने आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. वक्ता दारूचे दुष्परिणाम सांगतो, श्रोते माना डोलावतात, शपथ होते, राष्ट्रगीत होते आणि सभा संपते. ज्यांनी ते ऐकायला हवे असते, ते त्या वेळी दुसरीकडेच बसलेले असतात. आज मला उपदेश करायचा नाही. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीतील तुमचे आठ आठवडे मागायला मी आलो आहे.

हे आठ आठवडे कशासाठी? आपल्या तालुक्यात दारू किती प्यायली जाते, कोण पितो, कोणत्या वयापासून पितो, त्यावर घरातील किती पैसा जातो, सोडू इच्छिणारा माणूस कोणाकडे जातो आणि कोणाकडेही का जात नाही, याची शास्त्रशुद्ध मोजदाद करण्यासाठी. इंग्रजीत ज्याला रिसर्च इंटर्नशिप म्हणतात आणि सरकारी मराठीत संशोधन-आंतरवासिता, त्यासाठी आपल्याकडे एक जुना, भारदस्त शब्द आहे : उमेदवारी. तो कुर्डुवाडीला तरी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १८९७ साली येथून बार्शीला छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. पुढे येथील वर्कशॉपमध्ये जाणत्या कारागिराच्या हाताखाली राहून काम शिकण्याची परंपरा रुजली. ती रेल्वे उभारणारा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ नये, असे गणित प्रथम मांडले आणि मगच अडीच फुटी रुळांवर डबे व इंजिने चढवली. भार किती आहे हे ठाऊक नसताना पूल बांधणाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. दारूच्या प्रश्नात मात्र भार न मोजताच पूल बांधण्याचे काम आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत.

भावनेचा वारसा मोठा आहे

या जिल्ह्याला दारूच्या विरोधाचा इतिहास नाही, असे कोणी म्हणू नये. ८ मे १९३० रोजी, गांधीजींच्या अटकेनंतर, सोलापूरचे लोक रूपाभवानी परिसरातील शिंदीची झाडे तोडण्यासाठी निघाले. शिंदीचे झाड तोडणे म्हणजे सरकारच्या अबकारी उत्पन्नाच्या मुळावर कुऱ्हाड घालणे होते. गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण धारातीर्थी पडला आणि पाहता पाहता शहर पेटून उठले. मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. त्या तेजस्वी प्रकरणाचा आरंभ शिंदीच्या बनात झाला, हे आजच्या पिढीने विसरू नये. त्याच्याही आधी, १९०८ साली, लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर स्वयंसेवकांचे पहारे बसले होते. जनतेला व्यसनात बुडवून तिजोरी भरणाऱ्या राज्यकर्त्यांना लोकमान्यांनी त्या वेळी खडे बोल सुनावले होते.

येथून जवळच असलेल्या पंढरीत गाडगेबाबांनी धर्मशाळा उभारल्या आणि गावोगावच्या कीर्तनांतून दारूवर आसूड ओढले. बाबांच्या कीर्तनाची पद्धत आठवून पाहा. ते श्रोत्यांना उत्तरे देत नसत, प्रश्न विचारीत. समोरच्या साध्या माणसाकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचीत. ज्याला आज संशोधनशास्त्रात प्रश्नावली म्हणतात, तिचा आत्मा याहून फार वेगळा नाही. माणसाला कमी न लेखता विचारणे आणि तो सांगेल ते नीट ऐकून घेणे, एवढेच त्यात असते.

तेव्हा भावना, त्याग आणि तळमळ यांचा तोटा आपल्याला कधीच नव्हता. तोटा आहे तो माहितीचा.

देशाचे आकडे आणि तालुक्याचा अंधार

देशपातळीवर काही चांगले काम झाले आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. सुमारे दोन लाख घरांतून आणि पावणेपाच लाख माणसांकडून माहिती घेऊन तिने सांगितले की, १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक, दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आहे. ज्यांच्या पिण्याने प्रश्न निर्माण झाला आहे असे ५ कोटी ७० लाख, आणि त्यांपैकी दारूच्या पूर्ण आहारी गेलेले सुमारे २ कोटी ९० लाख. त्या अहवालातील सर्वांत जिव्हारी लागणारा आकडा निराळाच आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी कसा तरी एकच जण कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार घेतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील एक नोंद याच्या जोडीला ठेवतो. ज्यांचा नवरा दारू पीत नाही अशा विवाहित स्त्रियांपैकी २३ टक्क्यांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक मारहाण-अत्याचार सोसल्याचे सांगितले. ज्यांचा नवरा वारंवार झिंगलेला असतो, त्यांच्यात हे प्रमाण ७० टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे कोणा ना कोणा भगिनीचे रोजचे जगणे आहे.

आता मी तुम्हाला विचारतो. माढा तालुक्यात हे आकडे काय आहेत? कुर्डुवाडीत काय आहेत? राष्ट्रीय पाहणीतील सरासरी संपूर्ण राज्याचे चित्र देते. तुमच्या गावच्या सरपंचाला, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना किंवा बचतगटाच्या ताईंना तिचा उपयोग मर्यादितच असतो. दारूची बातमी वृत्तपत्रात येते ती विषारी दारूने बळी गेले म्हणजे. २०१५च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली, तेव्हा पहिली पाने भरून गेली. ज्याचे यकृत दहा वर्षे झिजते, ज्याची जमीन गुंठ्या-गुंठ्याने विकली जाते, ज्याची मुलगी दहावीनंतर शाळा सोडते, त्याची बातमी होत नाही. त्याची नोंदही होत नाही.

मोजल्याने काय साधते?

'मोजून काय होणार? दारू वाईट आहे हे सर्वांना ठाऊकच आहे,' असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावोगावच्या स्त्रियांनी दारूची तक्रार मांडली, तेव्हा त्यांनी आधी गावांची पाहणी केली. हिशेब निघाला तो असा की, शासनाची जिल्हा विकासाची वार्षिक योजना १४ कोटींची, तर जिल्ह्यातील लोकांचा दारूवरचा खर्च वर्षाला २० कोटींचा! हे एक वाक्य गावोगावी पोहोचले आणि त्याने शंभर व्याख्यानांचे काम केले. ज्या प्रश्नाला लोक नशिबाचा भाग मानत होते, तो हिशेबाचा प्रश्न झाला. त्यातून जिल्ह्याचे दारूमुक्ती आंदोलन उभे राहिले आणि १९९३ साली शासनाने तेथे दारूबंदी लागू केली. बंदी आली तरी दारू थांबत नाही, हेही पुढे मोजमापातूनच कळले. म्हणून २०१६मध्ये शासन, टाटा ट्रस्ट आणि 'सर्च' यांनी मिळून 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम हाती घेतला. गावसंघटन, कायद्याची अंमलबजावणी, जनजागृती आणि उपचार यांची त्यात सांगड आहे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याकडे पाहा. तेथे २०१५मध्ये दारूबंदी लागू झाली आणि २०२१मध्ये उठवली गेली. दोन्ही वेळी मोठमोठे दावे झाले. बंदीने गुन्हे वाढले असे एक बाजू म्हणत होती. घरे सावरली असे दुसरी बाजू म्हणत होती. अशा वादात गावागावातील तरुणांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या निःपक्षपाती नोंदी हाताशी असत्या, तर निर्णय कोणताही झाला असता तरी तो अधिक डोळसपणे झाला असता.

मोजमाप म्हणजे केवळ आकडे नव्हेत. अनिल अवचट यांनी पुण्या-मुंबईतील गर्दच्या व्यसनावर लिहिले, ते आधी त्या मुलांमध्ये जाऊन, बसून, ऐकून. त्या लेखनाने पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी साहाय्याचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. डोळे उघडे ठेवून केलेल्या नोंदीतून संस्था जन्माला येते, याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

हे काम पदवीचा विद्यार्थी करू शकतो

दुसरी शंका तुमच्या मनात असेल. आम्ही कला शाखेची मुले. ना डॉक्टर, ना मानसशास्त्रज्ञ. आम्हाला हे काय जमणार?

गोव्यातील 'संगत' या संस्थेचा अनुभव ऐका. डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रमाणाबाहेर पिणाऱ्या ३७७ पुरुषांसमवेत एक प्रयोग केला. अर्ध्यांना नेहमीचा सल्ला मिळाला. उरलेल्यांना त्यासोबत समुपदेशनाच्या थोड्या बैठकी मिळाल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसोपचाराची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांना केवळ पद्धतशीर प्रशिक्षण दिले होते. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात २६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते आणि समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के. आधीच्या १४ दिवसांत दारूला स्पर्शही न केलेले पहिल्या गटात १८ टक्के, दुसऱ्यात ४२ टक्के. 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकाने २०१७मध्ये हे निष्कर्ष छापले. शिकवलेला, शिस्तीचा, आत्मीयतेने बोलणारा सामान्य माणूस या क्षेत्रात किती मोलाचा ठरतो, याची ही साक्ष आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दारूचा अभ्यास, ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाने १९४३ साली मद्यविषयक अभ्यासाचे उन्हाळी वर्ग सुरू केले. पुढे ते रटगर्स विद्यापीठात गेले. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद १९७९पासून वैद्यकीच्या पदवी विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे. गडचिरोलीला बंग दांपत्याने २००६मध्ये सुरू केलेल्या 'निर्माण' उपक्रमातून शेकडो तरुण सामाजिक प्रश्नांकडे वळले. बंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये व्यसनोपचाराचे स्वतंत्र केंद्र आहे. परंतु या सर्व वाटा दूरच्या आहेत. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला त्या दिसतात; कुर्डुवाडीच्या बी.ए.च्या मुलाला किंवा मुलीला दिसत नाहीत.

ही अडचण आता दूर होऊ शकते. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प, कार्यानुभव आणि समाजसहभाग प्रकल्प यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांच्या आंतरवासितेसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत संशोधन-आंतरवासितेलाही स्थान आहे. म्हणजे दार उघडले आहे. प्रश्न एवढाच की, त्या दारातून आपण काय आत नेणार? ओळखीच्या दुकानदाराकडून शिक्का मारून आणलेले प्रमाणपत्र, की तालुक्याच्या उपयोगी पडेल असे काम?

आठ आठवड्यांची आखणी

आता प्रत्यक्ष योजना सांगतो. बारा विद्यार्थी, दोन प्राध्यापक, एक डॉक्टर आणि सहा गावे. याहून मोठा व्याप पहिल्या वर्षी नको.

पहिला आठवडा प्रशिक्षणाचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९मध्ये तयार केलेली 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती पिता, सुरू केल्यावर थांबता येते का, सकाळी उठल्यावर लागते का, घरच्यांनी काळजी व्यक्त केली आहे का, असे हे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. आठ वा अधिक गुण म्हणजे धोक्याची सूचना. ही चाचणी आपल्या बोलीत, माणूस दुखावणार नाही अशा शब्दांत विचारायला शिकणे, हा पहिला धडा.

दुसरा धडा मापाचा. संशोधनात एक प्रमाण पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. ४२.८ टक्के तीव्रतेच्या दारूचे ३० मिलीलिटर म्हणजे एक प्रमाण पेय. म्हणजे ज्याला आपण सहजपणे 'एक क्वार्टर' म्हणतो, त्या १८० मिलीलिटरमध्ये सहा पेये असतात. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याच्या ६५० मिलीलिटरच्या, ८ टक्के तीव्रतेच्या बाटलीत चार पेये असतात. लोकांच्या बोलण्यातील माप प्रमाण मापात बदलता आले नाही, तर आपली वही निरुपयोगी ठरेल. हातभट्टीच्या दारूची तीव्रता मात्र भट्टीगणिक बदलते. तेथे अंदाजाने आकडा न लिहिता फक्त किती ग्लास वा किती पिशव्या, एवढेच लिहावे.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात घरोघरी पाहणी. सोलापूरच्या उन्हात दुपारी कोणी बाहेर पडू नये. सकाळी आणि संध्याकाळी काम करावे. सातव्या आठवड्यात आकडेमोड, आठव्यात अहवाल. अहवाल मराठीत, वीस पानांच्या आत, आणि गावातील कोणाचीही ओळख उघड न करणारा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. गावाविषयी गोळा केलेली माहिती गावाला परत करणे, हे आपले पहिले कर्तव्य आहे.

प्रश्नांची उणीव नाही. तीन-चार येथेच सुचवतो.

पहिला प्रश्न किमतीचा. २०२५च्या जूनमध्ये राज्य शासनाने मद्यावरील कर वाढवले. देशी दारूच्या १८० मिलीलिटर बाटलीची किमान किंमत ८० रुपये, तर विदेशी प्रकारच्या दारूची २०५ रुपये ठरली. रोज देशीची एक बाटली पिणारा वर्षाला किमान २९,२०० रुपये त्यात घालतो. दर वाढल्यावर लोकांनी पिणे कमी केले, की स्वस्त प्रकाराकडे वळले, की हातभट्टीकडे गेले? शासनाला महसूल कळतो. उत्तर मात्र गावातच मिळेल.

दुसरा प्रश्न हातभट्टीचा. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१मध्ये तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या नेतृत्वाखाली 'ऑपरेशन परिवर्तन' राबवले. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांवर पुन्हा पुन्हा छापे घालून भट्ट्या पुन्हा पुन्हा पेटतात, हे ओळखून पोलीस अधिकाऱ्यांनी गावे दत्तक घेतली, कुटुंबांशी संवाद साधला, दुसऱ्या रोजगाराची वाट दाखवली. आपल्याच जिल्ह्यातील हा प्रयोग. आज त्या कुटुंबांपैकी किती नव्या व्यवसायात टिकली आणि जी टिकली नाहीत ती कशामुळे? हा अभ्यास सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी नाही तर कोणी करायचा?

तिसरा प्रश्न वयाचा. आपल्या राज्यात बिअरसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. मग एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात बाटली येते कोठून?

चौथा प्रश्न वारीच्या वाटेवरचा. आषाढीला पंढरीची गर्दी कुर्डुवाडीच्या फलाटांवरून वाहते. गळ्यात तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसे आपल्या प्रत्येकाच्या गावात आहेत. माळेने नेमके काय घडते? संगत बदलते, दिवसाचा क्रम बदलतो, की शब्द पाळण्याचे बळ येते? किती जणांची माळ पुन्हा खुंटीवर जाते? श्रद्धेचा विषय म्हणून त्याला हात लावायचा नाही, असे नव्हे. ज्या परंपरेने लाखो घरे सावरली असे आपण म्हणतो, तिचा आदरपूर्वक आणि प्रामाणिक अभ्यास व्हायला हवा. उत्तर आपल्या मनासारखे आले नाही, तरी ते जसेच्या तसे लिहिण्याची तयारी हवी.

काही कठोर नियम

मित्रांनो, हे काम नाजूक आहे आणि त्याला शिस्त लागते. लहान गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. म्हणून ओळखीच्या घरी कोणी जाऊ नये. गावे आपापसांत बदलून घ्यावीत. वहीत नाव लिहू नये, क्रमांक लिहावा. संमतीवाचून एकही प्रश्न विचारू नये आणि 'नको' म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये. अठरा वर्षांखालील मुलांची मुलाखत घेऊ नये. एका घरातील नवरा-बायकोला एकमेकांसमोर विचारू नये. त्या प्रश्नाची किंमत रात्री तिला मोजावी लागेल. जोडीशिवाय कोणी जाऊ नये, आणि विद्यार्थिनींनी स्त्रियांशी बोलावे.

आणखी एक. आपण पोलिसांचे खबरे नाही. भट्टी कोठे आहे हे कळले तरी आपल्या वहीतून ते बाहेर जाता कामा नये. एकदा का तो विश्वास तुटला, की त्या गावात पुढची वीस वर्षे कोणी खरे बोलणार नाही.

वैद्यकीय सावधगिरी तर फारच महत्त्वाची. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला 'आजपासून बंद करा' असे उत्साहाने सांगू नका. अशा शरीराला दारू एकाएकी मिळाली नाही तर हात थरथरतात, भास होतात, झटके येतात. क्वचित जीवही जातो. त्याला डॉक्टरांकडे पोहोचवणे एवढेच आपले काम. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आणि महिलांसाठीची १८१, हे दोन क्रमांक प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर हवेत. आणि या सभागृहात अशीही मुले-मुली असतील, ज्यांच्या स्वतःच्या घरात हा प्रश्न रोज संध्याकाळी दार ठोठावतो. त्यांनी हे काम करावे की नाही, हे त्यांनीच ठरवावे. करणार असतील, तर प्राध्यापकांनी त्यांच्याशी आठवड्यातून एकदा तरी निवांत बोलावे.

जाणत्यांकडे मागणे

काही मंडळी म्हणतील, अभ्यासात वेळ का दवडता? दुकानेच बंद करा. त्यांना मी सांगेन की, दुकान बंद करण्याचा मार्ग कायद्याने दिलाच आहे. गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घेता येते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला कौल दिला, तर दुकान बंद होते. मतदानाला येणाऱ्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतील एकूण मतदारांपैकी निम्म्या. एवढ्या भगिनींना रांगेत आणायचे, तर गावच्या हिशेबाइतके प्रभावी साधन दुसरे नाही. आणि दुकान बंद झाल्यावर पुढे काय घडले, हे पाहायलाही पुन्हा वहीच लागेल. अभ्यास हा कृतीचा शत्रू नाही. कृती वाया जाऊ नये म्हणून तो आहे.

म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे की, पुढील वर्षीच्या क्षेत्रप्रकल्पांच्या यादीत हा विषय घाला आणि तुळजापूरला असलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या परिसरातील अध्यापकांचे मार्गदर्शन मागा. तो परिसर येथून फार लांब नाही. डॉक्टरांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. आणि गावातील व्यापारी, निवृत्त रेल्वे कर्मचारी, साखर कारखान्यांचे संचालक यांच्याकडे मी स्पष्टपणे पैसे मागतो. ज्याचे घर सुट्टीतील मजुरीवर अवलंबून आहे, तो विद्यार्थी विद्यावेतनाशिवाय या कामाला येऊ शकणार नाही, आणि नेमका तोच या प्रश्नाला सर्वांत जवळून ओळखतो. ज्या उसाची साखर होते, त्याच्याच मळीपासून मद्यार्कही होतो. त्या उद्योगावर हा जिल्हा उभा आहे. त्याच जिल्ह्याने बारा मुलांचा दोन महिन्यांचा एसटीचा प्रवास, जेवण आणि थोडे विद्यावेतन उभे करणे अवघड नाही.

तरुण मित्रांनो, या कामातून लगेच कोणाची दारू सुटेल असे आश्वासन मी देत नाही. पण ३८ जणांत एकालाच उपचार मिळतो, हे देशाचे प्रमाण आहे. आपल्या सहा गावांत ते किती आहे, हे पहिल्या उन्हाळ्यात कळेल. मग पुढच्या उन्हाळ्यात ते बदलले का, हे पाहता येईल. आपल्या आधीच्या पिढीने या जिल्ह्यात दारूच्या प्रश्नापायी प्राण दिले. तुमच्याकडे मी आठ आठवडे मागत आहे. ज्यांची तयारी असेल, त्यांनी आज घरी जाण्यापूर्वी आपली नावे प्राध्यापकांकडे द्यावीत.